पाव मैलाची शर्यत

मंडळी, विदर्भातला शंकरपट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना आजचा विषय समजायला वेळ लागणार नाही. सरळ दाण, शेजारी शेजारी दोन जोड्या, धुरकऱ्याची आरोळी, आणि पापणी लवते न लवते तोच निकाल. वळण नाही, फेरा नाही. सुरुवातीला जो मागे राहिला त्याला पुढे येण्याची दुसरी संधी नाही. अमेरिकेत मोटारींची अशीच एक शर्यत असते. तिला तिकडे ड्रॅग रेस म्हणतात. आज सांगायची आहे ती हकीकत या शर्यतीची, आणि तीत पहिल्यांदाच उतरलेल्या एका मोठ्या अनुभवी चालकाची. साल १९६५. चालकाचे नाव रिचर्ड पेटी.

आधी ही शर्यत म्हणजे काय ते पाहू. अंतर पाव मैल, म्हणजे दोन फर्लांग, म्हणजेच १३२० फूट. दोन मोटारी एका रेषेवर स्तब्ध उभ्या करायच्या. इशारा झाला की सुटायचे आणि पलीकडची रेषा आधी ओलांडील तो जिंकला. बस्स, एवढाच नियम. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्निया राज्यात, जुन्या मोटारी विकत घेऊन त्यांची इंजिने घरीच फुगवण्याचा नाद तरुण पोरांना लागला. ही पोरे रात्रीबेरात्री भर रस्त्यावर शर्यती लावीत. माणसे मरत, पोलीस मागे लागत. काही जण आटलेल्या सरोवरांच्या कोरड्या तळावर जात, कारण ती जमीन मैलोगणती सपाट. १९५० साली सांता आना गावच्या विमानतळावर तिकीट लावून अशा शर्यती सुरू झाल्या. १९५१ साली वॉली पार्क्स या गृहस्थाने नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था काढली. पोरांना रस्त्यावरून उठवून बांधलेल्या धावपट्टीवर आणायचे, हा तिचा हेतू. १९५५ साली कॅन्सस राज्यात ग्रेट बेंड येथे, युद्धकाळातल्या एका रिकाम्या विमानतळावर, तिने पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरवली. आधी इशारा झेंड्याने देत. १९६३ पासून मोठ्या स्पर्धांत दिव्यांचा खांब आला. पिवळे दिवे वरून खाली एकामागून एक लागत येतात, शेवटी हिरवा लागतो. हिरव्याआधी सुटलात तर तांबडा दिवा, आणि तुम्ही बाद.

शाळेत गणित शिकवणाऱ्या गुरुजींसाठी इथे एक बरे उदाहरण आहे. समजा एका गाडीने हे १३२० फूट ११ सेकंदांत काटले. त्या काळच्या चांगल्या गाड्यांना साधारण एवढाच वेळ लागे. म्हणजे सेकंदाला १२० फूट, ताशी सुमारे ८२ मैल. पण ही झाली सरासरी. गाडी शून्यापासून निघाली आहे, तेव्हा शेवटच्या रेषेवर तिचा वेग याहून पुष्कळच जास्त असणार. वेग अगदी सारख्या प्रमाणात वाढत गेला असता तर शेवटी तो सरासरीच्या दुप्पट भरला असता. प्रत्यक्षात तो सुरुवातीला झपाट्याने वाढतो आणि पुढे हवेचा अडथळा वाढला की वाढीचे प्रमाण कमी होते. तरीही ताशी सव्वाशे मैलांच्या वर आकडा जाई. मुलांना फळ्यावर वेग आणि काळाचा आलेख काढून दाखवा. सरासरी म्हणजे काय नि खरा वेग म्हणजे काय, हे एका आकृतीत कळेल.

आता आपला चालक. नॉर्थ कॅरोलायना राज्यात लेव्हल क्रॉस नावाचे एक खेडे आहे. तिथे २ जुलै १९३७ रोजी रिचर्डचा जन्म झाला. वडील ली पेटी. शेतीची अवजारे ठेवण्याच्या छपराखाली त्यांनी शर्यतीच्या गाड्या बांधायला सुरुवात केली. घरचेच लोक कारागीर. पुढे रिचर्डचा भाऊ मॉरिस इंजिने बांधू लागला आणि चुलतभाऊ डेल इनमन गाडीची सारी देखभाल पाहू लागला. अमेरिकेत नॅसकार नावाची एक संस्था आहे. बिल फ्रान्स यांच्या पुढाकाराने ती १९४८ साली निघाली. दुकानात विकायला असतात तशाच घडणीच्या गाड्या गोल धावपट्टीवर फेऱ्यांनी पळवायच्या, ही तिची शर्यत. ली पेटी तीन वेळा तिचे विजेते झाले. १९५९ साली डेटोना येथे पहिली पाचशे मैलांची शर्यत झाली. शेवटच्या क्षणी गाड्या इतक्या लगत होत्या, की छायाचित्रे तपासून लींना विजयी ठरवायला तीन दिवस लागले! लींच्या गाडीचा आकडा ४२ होता. मुलाने ४३ घेतला.

हा मुलगा १९६४ सालच्या फेब्रुवारीत डेटोनाची तीच पाचशे मैलांची शर्यत जिंकला. २०० फेऱ्यांपैकी १८४ फेऱ्यांत तो सर्वांच्या पुढे होता. सरासरी वेग ताशी १५४ मैल. म्हणजे तीन तास चौदा मिनिटे तो माणूस त्या वेगाने गाडी हाकीत होता. वर्षाअखेरचे अजिंक्यपदही त्यालाच मिळाले. तेव्हा तो अवघा २७ वर्षांचा होता. यापेक्षा जास्त अनुभवी माणूस कुठून आणायचा?

डेटोनाच्या त्या विजयामागे एक इंजिन होते. क्रायस्लर कंपनीने ते खास शर्यतीसाठी काढले होते. त्याला हेमी म्हणतात. आकार ४२६ घन इंच, म्हणजे जवळजवळ सात लिटर. इंजिनात इंधन जिथे जळते, त्या पोकळीचे छत यात उपडी वाटी ठेवावी तसे अर्धगोल असते. त्यामुळे झडपा मोठ्या बसवता येतात, हवा मोकळी आत येते, मोकळी बाहेर पडते, आणि ताकद वाढते. डेटोनात त्या दिवशी पहिल्या तिन्ही जागा हेमीच्या गाड्यांनी घेतल्या. दुसरा आलेला चालक होता जिमी पार्ड्यू.

पण १९६४ चे वर्ष या खेळाला फार वाईट गेले. जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला आदल्या वर्षीचा विजेता जो वेदरली मेला. मे महिन्यात शार्लट येथे फायरबॉल रॉबर्ट्सची गाडी पेटली, आणि भाजलेल्या अवस्थेत काही आठवडे काढून तो जुलैत गेला. सप्टेंबरात शार्लटलाच टायरांची चाचणी घेताना जिमी पार्ड्यू गेला. गाड्यांचे वेग टायरांच्या आणि माणसांच्या आवाक्याबाहेर चालले होते, हे सर्वांना दिसत होते. ऑक्टोबरात बिल फ्रान्स यांनी पुढच्या वर्षाचे नियम जाहीर केले. हेमी बंद. फोर्डचेही एक नवे इंजिन बंद. गिऱ्हाइकाला दुकानात मिळत नाही ते इंजिन इथे चालणार नाही, हे एक कारण. वाढत्या वेगाला आळा घालणे, हे दुसरे. क्रायस्लरने उत्तर दिले की मग आम्ही येतच नाही. आणि १९६४ चा विजेता रिचर्ड पेटी १९६५ च्या मोसमात घरी बसला.

घरी तरी कसा बसणार? पेटींचा सारा कारभार क्रायस्लरच्या प्लिमथ गाड्यांवर उभा होता. तेव्हा ठरले की ड्रॅग शर्यतीत उतरायचे. तिथे हेमीला मज्जाव नव्हता, उलट तिचे कौतुक होते. प्लिमथची बॅराकुडा नावाची लहान गाडी घेतली, तिच्यात हे थोरले इंजिन बसवले, पेटींचा ठरलेला निळा रंग दिला. तिला ‘त्रेचाळीस ज्युनियर’ म्हणत. गाडीवर ‘आउटलॉड’ असा शब्दही रंगवला. आउटलॉड म्हणजे कायद्याने बाहेर काढलेला. त्यात थट्टा होती, थोडा रागही होता. गावोगावच्या धावपट्ट्यांचे मालक अशा नामांकित माणसाला बिदागी देऊन बोलावीत आणि तिथल्या एखाद्या तरबेज गड्याशी त्याची जोड लावीत. आपल्याकडे जत्रेच्या फडात बाहेरगावचा पैलवान आणतात ना, तसेच. पेटी येणार म्हटले की लोक जमत.

इथे जरा थांबतो, कारण गोल शर्यतीतला पटाईत माणूस पाव मैलाच्या शर्यतीत नवशिका का ठरतो, हे कळल्याशिवाय पुढचे कळायचे नाही.

डेटोनासारख्या शर्यतीत चालकाचे मोठे भांडवल म्हणजे सबुरी. टायर किती झिजले, इंजिनाचा आवाज बदलला का, पुढच्या गाडीच्या अगदी पाठीशी राहून तिने फोडलेल्या हवेचा फायदा किती घ्यायचा, आणि बाहेर कधी पडायचे, असा सारा हिशेब तासन् तास डोक्यात चालू असतो. एका वळणावर चूक झाली तर पुढच्या दहा फेऱ्यांत ती भरून काढता येते. गाडी आधीच वेगात असते. चालकाचे काम तो वेग वळणात टिकवण्याचे. ड्रॅग शर्यतीत यातले काहीच उपयोगी पडत नाही. तिथे गाडी उभी असते आणि क्षणात तिच्यातली सगळी ताकद जमिनीवर आणायची असते. इशारा आणि पाय यांत सेकंदाचा दहावा भाग जास्त गेला, तरी कमी ताकदीची गाडी तुमच्या पुढे निघून जाते. जास्त जोर दिला तर मागची चाके जागच्या जागी फिरतात, धूर निघतो, गाडी हलत नाही. कमी दिला तर प्रतिस्पर्धी गेलाच.

त्याहून कठीण गोष्ट निराळी आहे, आणि ती शेतकऱ्याला पटकन समजेल. बैलगाडीत माल मागे जास्त भरला की गाडी उलाळ होते, जू वर उचलते, आणि बैलांचा गाडीवर ताबा राहत नाही. जोरात सुटलेली मोटार तशीच उलाळ होते. भार सारा मागच्या चाकांवर जातो, नाक वर उचलते, पुढची चाके जमिनीला जेमतेम टेकलेली. आता दिशा तर पुढच्या चाकांनी द्यायची! चालकाच्या हातात सुकाणूचे चाक आहे खरे, पण त्या एक-दोन सेकंदांत ते पुष्कळसे नावापुरतेच. लगेच गिअर बदलायचा, पुन्हा धक्का, पुन्हा भार हलणार. डेटोनाचे चालक गाडी घसरली तर तिला सावरायला शिकलेले असतात. त्यासाठी तिथे रुंदी असते आणि थोडा अवधीही असतो. इथे सावरायला जागा नाही, वेळ तर मुळीच नाही. वीस-बावीस वर्षे नाव वल्हवलेला माणूस पोहताना नवखा असावा, त्यातली ही गत. पाणी ओळखीचे, एवढेच.

२८ फेब्रुवारी १९६५. जॉर्जिया राज्यात डॅलस नावाचे गाव आहे. टेक्सासमधले मोठे डॅलस वेगळे, हे बरेच लहान. तिथल्या धावपट्टीवर पेटीची शर्यत होती. या नव्या खेळातले त्याचे हे सुरुवातीचेच दिवस. तेव्हाच्या अशा लहान धावपट्ट्या म्हणजे माळावर ओढलेली एक डांबरी पट्टी, बाजूला मातीचा बांध, आणि तारेचे कुंपण. लोक कुंपणाला लगटून उभे राहत. पटाच्या दाणीला माणसे कशी खेटून असतात ते आठवा, म्हणजे चित्र डोळ्यांपुढे येईल.

इशारा झाला, गाड्या सुटल्या. पेटीच्या गाडीत काहीतरी मोडले. गाडी सरळ रेषा सोडून बाजूला ओढली गेली, मातीच्या बांधावर चढली, तिथून उडाली आणि कुंपणावरून लोकांत पडली. आठ वर्षांचा एक मुलगा मेला. आणखी काही माणसे जखमी झाली. पेटीला स्वतःला फारसे लागले नाही.

मला या ठिकाणी एक गोष्ट सांगावीशी वाटते. या प्रसंगाची हकीकत जिथे जिथे येते, तिथे बहुधा पेटीच्या थोर कारकिर्दीतला एक दुःखद दिवस म्हणून येते, आणि दोन ओळींत संपते. पण तो दिवस तेवढ्याने उरकत नाही. मुलगा काही त्या शर्यतीतला नव्हता. त्याने धोका पत्करलेला नव्हता. तो पाहायला आला होता. गाडीत बसणारा माणूस आपली जोखीम जाणतो, पट्टे बांधतो, शिरस्त्राण घालतो. कुंपणाशी उभ्या असलेल्या पोराकडे एक तार तेवढी होती. आणि ते कुंपण पुरेल असे मोठ्यांना वाटले, त्यात पेटीचे नाव आणि त्याचा अनुभव यांचाही वाटा असला पाहिजे, असे मला वाटते. एवढा मोठा चालक, पाव मैलाचे अंतर, दहा-अकरा सेकंदांचा खेळ. यात काय व्हायचे आहे, असे कुणालाही वाटले असते. अंतर थोडे म्हणजे धोका थोडा, हा समज तेव्हा सगळीकडेच होता.

दुसरी गोष्ट बंदीची. फ्रान्स यांची बंदी चुकीची होती असे मी म्हणत नाही. तीन नामांकित चालक एका वर्षात गेल्यावर नियम करणाऱ्याने हातावर हात ठेवून बसायचे का? पण डेटोनाला उंच बैठकी होत्या, अपघात गृहीत धरून बांधलेली जागा होती. तिथून बाहेर काढलेले ते इंजिन आणि तो चालक, दोघेही चार महिन्यांत अशा ठिकाणी येऊन पोचले जिथे यातले काही नव्हते. कागदावर धोका कमी झाला होता. जॉर्जियातल्या त्या माळावर तो वाढला होता, आणि त्या माळासाठी नियम करणारा दुसरा कुणी पुढे आला नव्हता.

पुढे दावे झाले, तडजोडी झाल्या. पेटींनी दुसरी बॅराकुडा बांधली आणि त्या वर्षी रिचर्ड ड्रॅग शर्यतीत धावत राहिला. हळूहळू त्याला त्या खेळाची रीतही साधली. इकडे नॅसकारचे दिवस फिरले होते. क्रायस्लर नाही, पेटी नाही, तेव्हा ५५ शर्यतींपैकी ४८ एकट्या फोर्डच्या गाड्यांनी जिंकल्या. तोच तोच निकाल पाहायला पैसे कोण देणार? प्रेक्षक आटले, धावपट्ट्यांचे मालक कुरकुरू लागले. जूनमध्ये समेट झाला, हेमीला काही अटींवर परत येऊ दिले, आणि जुलैत पेटी आपल्या गोल शर्यतीत परतला. उरलेल्या मोसमासह त्या वर्षी तो १४ शर्यती धावला, ४ जिंकला. १९६६ साली क्रायस्लरने हेमी रस्त्यावरच्या गाड्यांतही विकायला काढली, म्हणजे दुकानात मिळत नाही हा आक्षेपच उरला नाही. त्याच वर्षी पेटीने डेटोनाची पाचशे मैलांची शर्यत दुसऱ्यांदा जिंकली. १९६७ साली त्याने २७ शर्यती जिंकल्या, त्यांतल्या दहा लागोपाठ. १९९२ साली तो थांबला तेव्हा त्याच्या नावावर २०० विजय आणि सात अजिंक्यपदे होती. ड्रॅग शर्यतीकडे तो धंदा म्हणून पुन्हा वळला नाही.

गोल शर्यतीतला मुरलेला चालक पाव मैलाकडे वळण्याची गोष्ट त्यानंतरही घडली आहे. अलीकडचे मोठे नाव टोनी स्टुअर्ट. नॅसकारचा तीन वेळचा विजेता. ऑक्टोबर २०२२ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, लास व्हेगसला तो पहिल्यांदा ड्रॅग शर्यतीत उतरला. अंतिम फेरीपर्यंत पोचला आणि सेकंदाच्या दहा हजार भागांपैकी केवळ दोन भागांनी हरला. एवढ्या वेळात तुमच्या-माझ्या डोळ्याला दोन गाड्या बरोबरच दिसणार!

पण स्टुअर्टला पेटीसारखे थेट रेषेवर उभे राहता आले नाही. आता अशा वेगवान गाडीसाठी परवाना लागतो, आणि तो नावलौकिक पाहून मिळत नाही. आधी थोड्या अंतराची सुटका करून दाखवायची, मग निम्मे अंतर, मग पुरे अंतर. प्रत्येक वेळी जाणते लोक उभे राहून पाहणार, आणि त्यांचे समाधान झाले तर पुढची पायरी. जुना विजेता असला तरी त्याला पहिल्या इयत्तेत बसावेच लागते. गाड्यांचे वेगही आता इतके वाढले आहेत की सर्वांत जलद वर्गात पाव मैल पुरा धावतच नाहीत. २००८ साली स्कॉट कलिटा हा चालक न्यू जर्सीत गाडी न थांबल्याने मरण पावला. त्यानंतर काही दिवसांतच ते अंतर १३२० फुटांवरून १००० फुटांवर आणले, म्हणजे थांबायला पुढे जास्त जागा राहावी.

२०२४ साली पत्नी लिया प्रुएट यांनी काही काळ थांबायचे ठरवल्यावर स्टुअर्ट त्यांच्या गाडीत बसला, म्हणजे या सर्वांत जलद वर्गात आला. वर्षभर शिकाऊ म्हणूनच धावला, आणि एप्रिल २०२५ मध्ये लास व्हेगसच्याच धावपट्टीवर त्या वर्गातला पहिला विजय त्याला मिळाला. तिथे पट्टीच्या दोन्ही अंगांना काँक्रीटच्या भिंती आहेत, आणि पाहणारे त्यांच्या पलीकडे, उंच बैठकींवर बसलेले असतात.